अनुज्ञेय फरक

गादी आली तेव्हा गॅसवर दूध होतं.
पोराने खोका दारात उभा केला, सही घेतली,
"काकू, कात्री जपून लावा, एकदम फुगते" म्हणाला
आणि स्फूर्ती चौकाकडे गाडी वळवून गेला.

फुगली.
रात्रभर फुगू दिली, कागदावर लिहिलं होतं तसं.
सकाळी पलंगावर टाकली
तर भिंतीच्या अंगाला चार बोटं लाकूड उघडं.

खोक्यावर छापलेलं: बहात्तर बाय साठ.
माझ्या टेपवर: बहात्तर बाय
सत्तावन्नाला दोन सूत कमी.
टेप जुनी, ताणली असेल, म्हणून लोखंडी गज काढला.
गजही तेच बोलला.

पलंगाला बोल लावायची सोय नाही.
मिरजेच्या खालिक मिस्त्रींनी आयुष्यात केलेला एकच पलंग,
मी त्यांच्या तंबोऱ्यांना गवसण्या शिवायची, त्याच्या बदल्यात.
तीस वर्षं जवारी काढलेला माणूस.
केसभर जास्त घासलं गेलं
तर त्यांना ते ऐकू यायचं.

मग मला नादच लागला.
पाच लिटरचा कुकर दुधाच्या मापानं भरला,
साडेचारलाच ओट्यावर सांडला.
पाऊण तासाची उदबत्ती एकतिसाव्या मिनिटाला राख.
पाचशे मीटरचं रीळ मात्र उलगडवेना,
धागा आहे, आयुष्यभर त्याचं खाल्लंय.
शेजारच्या आवटीबाई बादली घेऊन आल्या,
"माझीपण मोज गं," म्हणाल्या,
आणि कमी भरली तेव्हा
का कोण जाणे, खूश होऊन गेल्या.

कंपनीला पत्र टाकलं, सुवाच्य अक्षरात.
उत्तर आलं:
आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे,
तथापि सदर फरक अनुज्ञेय मर्यादेत आहे.

अनुज्ञेय.
दोनदा वाचला तो शब्द.
चाळीस वर्षं मापं घेतली,
कुणाच्या छातीला, कुणाच्या कमरेला,
असा शब्द मला कुणी दिला नव्हता.

स्थळाच्या कागदावर भूपाल मगदूमांची उंची
पाच फूट सात इंच.
पहिल्या दिवाळीला सदरा-पायजमा शिवायला घेतला,
भिंतीशी उभे केले,
तर श्वास कोंडून, टाचा जराशा उचलून उभे.
टाचा मी पाहिल्या.
टेप खाली सोडली, वर ओढली.
"किती भरलं?"
"कागदावर आहे तेवढंच," म्हणाले,
आणि वहीत लिहिलं पाच-पाच.

माझ्याही कागदावर होतं, चष्मा नाही.
तो शिलाई मशीनच्या खणात होता,
बटणांच्या डबीखाली.
त्यांना सापडला असणार. बोलले नाहीत.

उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं,
पायानं लवंडून मी आत आले.
ते काठोकाठ होतं की आत वाटी उपडी घातलेली,
कोण बघतं तेव्हा?

कंपनीनं शेवटी माणूस पाठवला, गादी परत न्यायला.
तोच पोरगा. तौफिक नाव.
अट एवढीच, मूळ खोक्यात हवी.
आम्ही दोघांनी घडी घातली, गुंडाळली,
मी गुडघा दिला, तो वरती बसला,
दोरी तुटली.
पलंगाला लहान पडणारी ती गादी
स्वतःच्याच खोक्याला मोठी झाली होती.
"काकू, आता नाही मावत ही," तो घाम पुसत म्हणाला.
मी त्याला ताक दिलं. पेला भरून.

भिंतीकडची बाजू त्यांची.
सहा वर्षं झाली, तिकडची चादर चुरगळत नाही.
तरी कमी पडली ती चार बोटं
नेमकी तिकडचीच.

काल त्या फटीत कंगवा गेला. हात घालून काढला.
मग मापांची वही काढली
आणि मगदूमांच्या पानावर, पाच-पाचच्या खाली,
जागा होती म्हणून लिहिलं:
गादी. बहात्तर.
सत्तावन्नाला दोन सूत कमी.