मोरपंखी भिंतीला काय जाईल

पर्समध्ये पडद्याचा तुकडा घेऊन
मी रविवार कारंज्याला उतरते,
ब्लाउजपीस जुळवायला जावं तशी.
डिसेंबरची अठरा तारीख.
निफाडकडचा गारठा
रिक्षात एका बाजूनं चढून दुसरीकडून उतरत होता.

भिंत रिबेकानं रंगवली, जूनमध्ये,
नागपूरला नर्सिंगला जायच्या आदल्या आठवड्यात.
एकच भिंत. बाकीच्या तीन पांढऱ्या.
शांतवन म्हणाले, लोकांना वाटेल मोर पाळलाय.
मग त्यांनी खुर्ची वळवली
आणि तेव्हापासून तिच्याकडेच तोंड करून पेपर वाचतात.

काल माळ्यावरून नाताळचा डबा काढला.
लाल झिरमिळ्या लावून पाहिल्या :
भिंत अशी दिसली
जसं कुणी तिच्यावर चारचौघांत ओरडलं.
हिरव्या लावल्या, त्या दिसल्याच नाहीत.
सोनेरीनं हॉलचं मंगल कार्यालय झालं.

ताहेरभाई तुकडा उजेडात धरतात.
राणी? नको.
डाळिंबी? ती तर लालचीच मावशी.
अबोली उलगडतात, आमसुली उलगडतात,
चिंतामणी स्वतःच बाजूला सारतात,
सख्खे भाऊ, म्हणे, एका भिंतीवर नांदत नाहीत.
काउंटरवर रिबिनींचा गुंता वाढत जातो
आणि माझ्यामागे एक नवरी
शालूच्या काठाला अस्तर शोधत ताटकळते.
"बाई, घरात आणखी काय काय आहे ते सांगा.
एकट्या भिंतीला विचारून रंग घ्यायचा नसतो."

मी सांगते.
सागाचं कपाट, मुठींपाशी हात लागून लागून काळं.
मळखाऊ म्हणून घेतलेला सोफा,
ज्याला मळखाऊ याखेरीज दुसरा रंगच नाही.
दाराशी सासूबाईंचा तांब्याचा हंडा,
शरणपूरचं मिशनचं घर सोडताना
वाटणीला आलेला.
आता त्यात छत्र्या.

ताहेरभाई रिबिनी गुंडाळायला लागले.
"मग माझ्याकडे काय करताय?
भांडीबाजारात जा."

तिथला म्हातारा विचारतो, पूजेला का?
म्हटलं, नाताळला.
तो माझ्याकडे बघतो, मग पत्र्याच्या कातरणीच्या डब्याकडे,
आणि मूठभर गोल चकत्या तराजूत टाकतो,
घडवताना उरलेल्या, रुपयाहून थोड्या मोठ्या.
"भोकं पाडून देऊ?"
पाडा.
बावीस भोकं, बावीस ठोके.
मी ते उभ्यानं मोजले.

पिंपळगावच्या भाच्यानं द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या दिल्या होत्या,
सरपणाला म्हणून.
त्या रात्रभर बादलीत भिजवल्या,
वाकवल्या, सुतळीनं कडं बांधलं,
चकत्या ओवल्या.
मोरपंखीवर तांबं चढलं
आणि शांतवननी पेपर खाली केला.
बोलले काही नाहीत.

वरच्या मजल्यावरच्या मंदाकिनीवहिनी बघून गेल्या.
"काय बाई एकेक! येशूच्या गोठ्यात कुणी मॅचिंग केलं होतं?"
वाळलेलं गवत, मातीची भिंत, तेलाचा दिवा,
म्हटलं, वहिनी, ह्यातला एक तरी रंग खटकतो का सांगा.

राहिला पप्पांच्या हातचा तारा.
कामट्यांचा, पतंगाच्या कागदाचा,
लाल, आणि दोनदा लाल पट्ट्या लावून सांधलेला,
त्या पट्ट्याही आता वेगवेगळ्या लाल.
घरात कुठेच बसेना.
शेवटी बाल्कनीत टांगला, आत चाळीसचा बल्ब.
अंधाराला कुठलाही रंग जातो.

रात्री रिबेकाचा व्हिडिओ कॉल.
"आई, लाल काहीच नाही यंदा?"
मी फोन बाहेर वळवला.
धुकं होतं, रस्ता नव्हता,
तारा तेवढा होता.
ती बराच वेळ काही बोलली नाही,
मग म्हणाली, माझी सुट्टी तीसपासून.

तोवर तांबं काळवंडणार.
सकाळी वाण्याकडून चिंच आणून ठेवली.