अर्धा लिटर दूध

आमच्या सायलेशियात जस्ताची भट्टी बंद पडून एकवीस वर्षं झाली,
ढीग मात्र आहे तिथेच आहे.
राखाडी, उघडा, घशाला कोरड पाडणारा.
त्याला नाव नाही. आम्ही नुसतं ‘वर’ म्हणतो.
“वर गेली होतीस?” आई विचारायची
आणि उत्तराआधी बुटांकडे बघायची.

वर गवत आहे, बुटकं, राठ,
आणि पोटं फुगवून बसलेली पांढरी फुलं.
गावात त्यांना कुणी फुलं म्हणत नाही.
फुलं म्हणजे कबरीवर न्यायची ती.

मी चाकूनं मुळं सोडवते, पाकिटावर तारीख घालते.
एवाल्ड, माझा बाप, घडीच्या खुर्चीवरून विचारतो,
“हे मरत कसं नाही?”

मी सांगते.
आधी मूळच दार लोटून घेतं.
तरी शिरलंच काही, तर त्याला एकटं हिंडू देत नाही;
गंधकाच्या बोटांची एक बारकी साखळी
त्याला धरून पेशीच्या आतल्या खोलीत नेते,
कडी घालते.
विष विषच राहतं,
फक्त स्वयंपाकघरात येत नाही.
मग थोडं थोडं जुन्या पानांत साठवायचं
आणि थंडीच्या तोंडावर पान सोडून द्यायचं.

“आम्हाला पाळीमागे अर्धा लिटर दूध मिळायचं,” एवाल्ड म्हणतो.
“आतलं सगळं धुऊन निघतं म्हणायचे.
मी निम्मं प्यायचो, निम्मं तुझ्या आईसाठी आणायचो.
तू पोटात होतीस.”

दुधानं काही धुतलं जात नाही, हे मी बोलत नाही.
आई त्याचे कामाचे कपडे अंगणात झटकायची.
शिसं हाडात जातं, चुन्याच्या जागी
चुन्यासारखं बसतं, वर्षानुवर्षं गप्प.
आमची आतली खोली ती. पण कडी ढिली.
बाळ वाढायला लागलं की हाड चुना देतं,
चुन्याबरोबर तेही.
माझ्यासाठी तिनं हाडांतून काय काय काढून दिलं
कुणी मोजलं नाही.
मला सातापुढचे पाढे कधी आले नाहीत.

गेल्या वसंतात इथलं एक रोप मी घरी नेलं.
विकतची काळी माती, खिडकीतलं ऊन.
जगलं.
पण कुठूनसं साधं गवत उडून आलं
आणि महिन्याभरात त्याच्या डोक्यावरून गेलं.
एवाल्डलाही मी दोनदा समुद्राकाठच्या आरोग्यधामात धाडलं,
दोन्ही वेळा चौथ्या दिवशी घरी.
म्हणाला, तिथल्या हवेला चव नाही.

आता तो वाकून एक पिवळं पान उचलतो,
माझ्या पाकिटात टाकतो.
“हेही मोज.”
मी लिहिते: जुनं पान, गळलेलं.

उतरल्यावर रस्त्याच्या कडेला
तो बूट झटकतो, एकदा, दोनदा,
मग तळवे उलटे करून बघतो.
आई जाऊन नऊ वर्षं झाली.