ठसठसला काय म्हणतात

उदगीरला, मोंढ्याच्या मागच्या गल्लीत,
टायर रिमोल्डिंगच्या दुकानावर
माझी खोली आहे, पत्र्याची.
खाली रबर तापतं, वर इंग्रजी.

शिवकांता हुडे सव्वासातला येते
सरकारी दवाखान्यातली ड्युटी उरकून.
अंगाला स्पिरिटचा वास, पिशवीत दोनशे पानी वही.
मस्कतच्या हॉस्पिटलची मुलाखत आहे,
तिथं विचारणार, पेशंटला नेमकं काय होतंय.

मी फळ्यावर लिहितो, आधी देवनागरीत:
एक. पेन. सोअर. हर्ट.
ती फिसकन हसते.
"एक पेन तर कळालं सर.
सोयर कुणाचं?"

मी घसा खाकरतो.
एक म्हणजे जे ओरडत नाही, उठतही नाही,
दाढेत, कमरेत बसून राहतं,
चहा झाला तरी न हलणाऱ्या पाहुण्यासारखं.
पेन दार ढकलून आत येतं.
सोअर म्हणजे हात लावेपर्यंत गप.
ती लिहून घेते. मग पेनचं टोपण चावत विचारते,
"आणि ठणका?"
थ्रॉब, मी म्हणतो.
"ठसठस?"
तेही थ्रॉबच.
"दोन्हीला एकच कसं सर?
ठणका डोळ्याला डोळा लागू देत नाही.
ठसठस झोपू देती,
फक्त त्या कुशीवर वळू देत नाही."

आज वॉर्डात काय काय आलं ते सांगत सुटते:
एकाची मांडी भगभगायली,
एकीच्या पाठीत उसण भरली,
देवणीच्या एका बाप्याला रग लागली दंडात,
टाके काढलेल्या पोरीचं हुळहुळायलंय,
कासराळच्या मामीला तर निस्तं
'कसंतरीच व्हायलंय'.
मी डिक्शनरी उघडतो. मिटतो.
"मंग तिथं कुणाला ठसठसत नाही का, सर?"

खाली हातोडा पडतो. पत्रा वाजतो.

मी हर्टकडे वळतो.
हे क्रियापद, लक्षात ठेव.
पाय हर्ट करतो म्हटलं तर पायच कर्ता.
पण एकानं दुसऱ्याला केलं,
तर कोणी, ते सांगावं लागतं.
आपल्याकडं बरं आहे. हाताला लागलं म्हणायचं.
लागलं. झालं. कुणी लावलं,
वाक्य विचारत नाही.
"इंग्रजीत पण जमतंय की सर,
तुम्हीच शिकवलंय, पॅसिव्ह.
बायच्या पुढचं गाळलं तरी चालतंय."
चालतं, मी म्हणतो,
आणि फळा पुसायला घेतो, अजून जागा असताना.

एकोणनव्वद साली, हाळीच्या शाळेत,
एका पोरानं लिहिलं होतं,
माझं पेन माझ्या खिशात आहे,
आणि पेनचं स्पेलिंग केलं दुखण्याचं.
दुखणं खिशात! मी वर्गाला हसवलं.
मग डस्टरच्या कडेनं, मुठीच्या पेरांवर,
चार.
तेव्हा तसंच शिकवायचे.
(हेही पॅसिव्हच, बघा.)

नऊला आम्ही जिना उतरतो.
मलकप्पा शटरपाशी पाना पुसत असतो,
माझ्याकडून लाइटबिलाचे पैसे न घेणारा मलकप्पा.
शिवकांता सवयीनं त्याचा हात धरते,
वाकडं बोट दिव्याकडं करते, पेर दाबते.
"इथं काय होतंय, मामा?"
"कायच नाही माय.
थंडीत जरासं ठसठसतंय. लहानपणीचंय."
"कशानं झालं?"
तो माझ्याकडं बघत नाही.
"लागलं होतं," म्हणतो.

ती मान वर करते, पिशवीतून वही निम्मी बाहेर.
"सर, हे कोणतं मग?"

माझ्या बोटांना अजून खडू.
रिक्षा जाईल तुझी, मी म्हणतो,
चल, चल, शेवटची असते ही.