हिरड्यांच्या रंगाची फौज

पहिली तुकडी मेणाची होती.
धरमपेठेतल्या लॅबमधलं कवळ्यांचं गुलाबी मेण,
जेवणाच्या सुट्टीत कोरलेले अकरा भालाईत.
एप्रिल त्यांनी कसाबसा काढला.
मेच्या नऊ तारखेला कूलरचा पंप जळाला,
संध्याकाळी घरी येऊन बघते तर
अकराही जण माना टाकून उभे,
कुणीतरी चारचौघांत रागावल्यासारखे.
शत्रू तेव्हा अजून पोस्टातच होता.

शत्रू म्हणजे निनाद तितरमारेचे.
महिनाभर चित्रं चाळून त्याने निवडले
रेझिनचे वनयोद्धे, लांब कानांचे,
एकेकाची किंमत माझ्या दोन दिवसांच्या हजेरीइतकी.
त्यांचे झगे कायम वाऱ्यावर उडत असतात.
इथे मेमध्ये वारा कुठला, बाप्पा!

मग मी ॲक्रिलिक ओतलं.
तेही कवळीचंच, म्हणून सगळी फौज
हिरड्यांच्या रंगाची निघाली.
ढालींना नापास दात लावले:
छटा जुळली नाही म्हणून डॉक्टर ढोकेंनी परत धाडलेले,
वरचे, पुढचे, ए-तीन,
चार लढाया पाहिलेल्या ढालीसारखे किंचित पिवळे.
भाले खराट्याच्या काड्यांचे.
पायाखाली एकेक जुना रुपया,
पंचवीस मिलिमीटर, नियमाप्रमाणे.
निनाद म्हणाला, हे तं पैशावर उभं आहे सैन्य.
म्हटलं, पगारी आहे. तुझे काय फुकट लढतात?

घोडदळ जमेना.
घोड्याचे मागचे पाय मला अजून येत नाहीत,
खुर्चीचे होतात.
तान्ह्या पोळ्याच्या आठवडाभर आधी इतवारीत गेले,
बोटभर उंचीचे लाकडी नंदी, चाकांसकट, बारा घेतले.
एकाचं शिंग तुटकं, तो वरून मिळाला.
दुकानदाराने विचारलं, लेकरं किती हो ताई घरी?
म्हटलं, तेरा स्वार.
चाकं काढणार होते. राहू दिली.
वहीत नियम लिहिला:
बैलदळ सरळ धावतं, वळत नाही,
थांबायला त्याला समोर काहीतरी लागतं.

तीनशे गुण उरले होते.
तेवढ्यात ड्रॅगन बसतो. निनादकडे होताच,
पंख उघडे, डब्यात मावेना असा.
मी चितार ओळीतून ओंजळभर माती मागून आणली,
कामट्या सोलल्या,
जुन्या काळ्या ओढणीचे दोरे उसवून केस लावले.
वीतभर काळी मारबत.
तिचा नियम एकाच ओळीचा:
मरताना ती आपल्या सगळ्यांच्या जखमा घेऊन जाते.
म्हणजे मरण्यासाठीच मांडायची ती.

रविवारी दुपारी खेळलो. पडदे ओले करून, पंखा बंद,
नाहीतर काड्यांची झाडं पडतात.
निनादने वही दोनदा वाचली
आणि मारबतीला हातच लावला नाही.
तिच्या बाजूने सगळे वनयोद्धे वळसा घालून गेले,
पाहुण्यांत नको असलेल्या बाईला टाळावं तसे.
माझी डावी फळी गेली. तेरापैकी नऊ नंदी
सरळ धावत टेबलाच्या कडेवरून खाली.
मी स्वतःच तिला भाल्यांवर ढकलू शकत होते.
चाल माझी होती, फासे माझ्या हातात.
सत्तावीस रात्रींचं काम.
एक डोळा तर मी तीनदा रंगवला होता.
हरले.

निनादने डबा बंद करता करता विचारलं,
काऊन नाही ढकललीस?
म्हटलं, नियम कच्चा आहे, सुधारावा लागेल.

सोमवारी लॅबमध्ये उमाठे आजोबांच्या कवळीला
एक दात कमी पडला. ए-तीन. स्टॉक संपलेला.
पिशवीत फौज तशीच होती.
डाव्या फळीतल्या सातव्याला अजून रंग लागला नव्हता.
त्याची ढाल काढली, घासली, उकळली, बसवली.
छटा तंतोतंत जुळली.
आजोबांनी आरशात ओठ वर करून पाहिलं,
मग नुसतेच दोनदा चावून बघितलं, काहीच नसलेलं.

रात्री वहीत सातव्याचे दोन गुण कमी केले.
भाला आहे त्याच्याकडे.