अडीच पेन्सची स्प्रिंग

विलेनहॉलमध्ये सकाळ होते ती प्रेसच्या ठोक्यांनी.
त्या मंगळवारी झाली नाही.
मशीन गप्प, आणि कॅन्टीनमध्ये
बत्तीस माणसं चहाचे कप दोन्ही हातांत धरून
माझ्याकडे बघत नव्हती.
न बघणंही ऐकू येतं.

अकरा हजार कुलपं बाकांवर उघडी पडलेली,
पितळी पोटं वर करून.
सगळं होतं त्यांच्यात: खटका, खिट्टी, किल्लीची वाट.
नव्हती ती एक स्प्रिंग,
नखाएवढी, अडीच पेन्सची.
ती होती एका जहाजात,
जहाज होतं आफ्रिकेला वळसा घालत,
आणि कॅप्टनला कोण सांगणार
की टिप्टनमधल्या दोनशे नव्या घरांची दारं
दोरीनं बांधून ठेवलीत?

आता खरं सांगते.
पूर्वी स्प्रिंग यायची रेडिचहून, चार पेन्सला.
ती बंद केली मीच.
नगामागे दीड पेनी. वर्षाचे सहा हजार पौंड.
मीटिंगमध्ये माझ्या नावानं लेमन केक कापला,
आणि मी घरी फोन करून आईला सांगितलं,
"वाचवले."
ती म्हणाली, "कुणापासून?"
तेव्हा मला हसू आलं होतं.

त्या मंगळवारच्या दंडाचा आकडा
सहा हजारांच्या शेजारी लिहून पाहिला.
शेजार शोभेना.

मग स्टोअरमधून बेरिल फेरेडे वर आली,
चष्मा दोरीला, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
डब्यात कार्डं, चाळीस वर्षांची.
प्रत्येक वस्तूपुढे दोन नंबर:
एक निळ्या शाईत, नेहमीचा,
एक पेन्सिलनं, अडीनडीचा.
तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे
तिच्या भाषेत कसं म्हणतात मला ठाऊक नाही.
ती एवढंच म्हणाली, "रेडिचचा म्हातारा अजून उचलतो फोन.
पण माफी आधी माग, भाव नंतर."

मागितली. त्यानं भाव सांगितला: पाच.
मी घासाघीस केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.
गुरुवारी रात्री त्याचा नातू व्हॅन घेऊन आला,
खोकी अजून तेलानं ओली.

त्यानंतर मी काही मोठं केलं नाही.
स्प्रिंगा दोन ठिकाणांहून घेते,
जास्त दूरच्या, थोड्या जवळच्या.
तीन आठवड्यांचा साठा मागच्या रॅकवर.
रोज आठ वाजता जहाजांचा नकाशा बघते,
शेजारणीचा दिवा लागला का बघावं तसा,
आणि उशीर होणार असेल तर गिऱ्हाइकाला
त्यानं विचारायच्या आत सांगते.
हे शेवटचं सगळ्यात अवघड. फुकट, तरी अवघड.

पुढच्या हिवाळ्यात बंदरावर संप झाला,
फेलिक्सस्टोला क्रेन माना वर करून थिजल्या.
डार्लस्टनच्या एका कारखान्यानं फाटकावर सुट्टीची पाटी लावली,
आमचे ठोके चालू राहिले.
त्यांची तीन गिऱ्हाइकं आमच्याकडे आली,
दोन अजून आहेत.
रात्रपाळी टिकली. बँकेचा माणूस
पहिल्यांदा कोट काढून बसला.
टिप्टनच्या घरांवाल्यांनी करार वाढवला;
का, म्हणून विचारलं तर म्हणे,
"वाईट बातमी तुम्ही वेळेवर देता."

काल नवा हिशेबनीस, क्रिस्पिन, रॅकपुढे उभा:
"हा माल इथं नुसता पडून? पैसा झोपलाय."
ताळेबंदात रकाना नसतो
बंद न पडलेल्या मंगळवारांना.
मी वाद घातला नाही.
एक स्प्रिंग काढून त्याच्या चिमटीत दिली,
दाब, म्हटलं.
त्यानं दाबली,
आणि जरा सैल सोडली तशी
टुणकन उडून फाइलींच्या मागं गेली.

अजून शोधतोय, गुडघ्यांवर.
बेरिल दारातनं बघतेय, डबा काखेत.
तिनं दुसरी दिलेली नाही.