परतीची मुदत

साखर पेठेत आज एकोणतीस पार्सलं.
त्यात अकरा चपलांचे जोड,
केस सरळ करायची इस्त्री,
भाकरी थापायचं मशीन (कडक भाकरीच्या गावात!)
आणि एक चादर.

चादर.
सोलापुरात.
पानिपतहून.
मराठी माणसाला या नावाचं
वेगळं काय सांगायचं?

बोळ अरुंद, गाडी कोपऱ्यावरच लावतो.
पूर्वी इथं बोलायचं तर ओरडावं लागायचं,
मागांच्या खडखडाटानं दुधाच्या पातेल्यातही
साय धरायची नाही म्हणे.
आता मी हळूच म्हणतो, "पार्सल"
आणि चार दारं उघडतात.

राजमोगली वंगारी बाहेर आले.
ऑर्डर सुनेची, ती गेलेली विड्या द्यायला.
"ओटीपी सांगा, अन्ना."
मोबाईल हातभर लांब धरून त्यांनी आकडे वाचले
एकेक, सावकाश,
तुटलेली तार शोधावी तसे.

चादर त्यांनी पाहिलीच नाही.
खोक्याच्या पुठ्ठ्यावर बोटं फिरवली.
"भोकं नाहीत," म्हणाले.

माझा बापही जेकॉर्डवर होता, म्हणून समजलं.
पुठ्ठ्याला भोक असेल तर तार उचलते,
नसेल तर खाली राहते.
असे हजार-दोन हजार पुठ्ठे दोरीत ओवले
की चादरीत मोर उभा राहतो.

बोट बारकोडवर येऊन थांबलं.
काळी रेघ, पांढरी रेघ,
जाड, बारीक, पुन्हा जाड.
"यानं काय विणतेत बे?"

मी काय सांगणार.
आत पलंगावर त्यांच्याच हातची एक होती,
काठात साल विणलेलं, १९८८.
लग्नात अंथरलेली, पोराची झोळी झालेली,
गड्ड्याच्या थंडीत तिघांनी मिळून ओढलेली,
अजून फाटत नाही.
हाच तिचा गुन्हा असणार.
वेळेवर फाटली असती तर दुसरी खपली असती,
आणि माग असा
किलोच्या भावानं गेला नसता.

खोटं कशाला बोलू,
नाला तेव्हाही रंगीतच होता.
सोमवारी लाल, गुरुवारी मोरपंखी,
आम्ही पोरं पैज लावायचो रंगावर.
आता त्यात रंग नाही, चकचकीत पिशव्या आहेत,
फुगे फुगे असलेलं प्लास्टिक आहे,
आणि पाचव्या दिवशी नळ आला की
मशीनमधून निघालेली मऊ चादरींची लव.
तुळजापूर रोडला कचऱ्याचा डोंगर धुमसतो.
त्यात माझ्या हातानं पोचवलेलं किती,
मी मोजत नाही.
माझ्याही पायात ऑर्डरचेच बूट आहेत,
फोनचे सात हप्ते बाकी आहेत,
आणि फोन थांबला तर मी थांबतो.

सातव्या दिवशी पुन्हा तेच दार.
यादीत लिहिलेलं: परत घेणे.
कारण: रंग फोटोसारखा नाही.
सुवर्णलता चादर घेऊन उभी, घडी नीट घातलेली.
"खोकं?"
तिनं सासऱ्याकडे पाहिलं.

सासऱ्यानं खोकं उलगडून सपाट केलेलं,
पट्ट्या कापलेल्या,
आणि कुठून तरी जुना पंच काढून
भोकं पाडलेली. ओळीनं. शेकडो.
पट्ट्या सुतळीत ओवून खिडकीत टांगलेल्या.
ऊन त्यातून येऊन फरशीवर सांडलेलं
ठिपक्याठिपक्यांनी.

मूळ पॅकिंगशिवाय माल परत घेता येत नाही.
नियम मला पाठ आहे.
सून म्हणाली, "आठशे नव्वद रुपये आहेत ओ दादा."
अन्ना काही म्हणाले नाहीत.
मी फरशीकडे बघत राहिलो,
मान दिसली, बहुतेक चोचही,
पिसाऱ्याला पुठ्ठा पुरला नव्हता.

ॲपवर पर्याय पाच होते.
यातला एकही नव्हता.
मी दाबलं: दार बंद होतं, उद्या पुन्हा येऊ.

मग उरलेली सव्वीस.
मागच्या पिशवीत खोकी एकमेकांवर आपटत होती,
कोरी,
एकाही भोकाशिवाय.