पातळ

मंगळवारी सकाळी सातला
वेंगुर्ल्याच्या लॅबमध्ये पहिला नंबर माझा.
गिरपांचा पोरगा दंडाला रबर बांधतो,
म्हणतो, मावशी, मूठ वळा.
तीस वर्षं बंदरावर मासळी कापलेली मूठ,
तिला सांगावं लागत नाही.

संध्याकाळी फोनवर आकडा येतो.
अडीच ते साडेतीनच्या मधे हवा.
खाली गेला तर झडपेवर गुठळी धरेल,
फार वर गेला तर
दात घासतानाही चूळ लाल.
मुलगा तो कॅलेंडरवर लिहितो,
जिथे पूर्वी मी बर्फवाल्याची उधारी लिहायचे.

बांबोळीच्या डॉक्टरने कागदावर झडप काढून दाखवली.
दोन अर्धचंद्र, दोन्हींना बिजागरी.
म्हटलं, कळलं, ही मानशी.
तो लातूरचा. त्याला मानशी ठाऊक नव्हती.
मग मीच त्याला शिकवलं, खाटेवर पडल्या पडल्या:
आमचे बाबा खारबांधावरची मानशी राखायचे.
ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर,
भरती चढली की फळ्या आपोआप मिटायच्या. धप्प.
खारं आत येता कामा नये, एवढंच.

माझी मानशी सातवीतच कुजली.
सांधे सुजले, ताप आला,
कुणी म्हणालं वात, कुणी म्हणालं वाढीचं दुखणं.
ताप गेला. फळी खिळखिळी राहिली.
पुढची चाळीस वर्षं थोडं थोडं उलटं पाणी,
आणि मी म्हणायचे, बंदराचा चढच मोठा.

बाबा अमावास्येला कमरेएवढ्या चिखलात उतरून
फळ्यांवरचं शेवाळ खरवडायचे.
तेच काम आता गोळीचं,
रात्री साडेआठला, मालिका सुरू होताना.
सोमवार-शुक्रवार अर्धी, बाकी दिवस पाऊण.
गोळी सून मोडते.
सुऱ्या माझ्यापासून वरच्या फळीवर गेल्यात.

टाकळा, अळू, शेवग्याचा पाला
बंद नाही म्हणाले, पण रोज सारखा. मोजून.
मला हसू आलं.
समुद्रावर जेवणाऱ्या घरात
रोज सारखं कधी काय होतं?
एक दिवस सुरमई, चार दिवस सुक्या जवळ्याचा वास.

पाहुणे अचानक आले की
आई कालवणात तांब्याभर पाणी ओतायची,
वर दोन सोलं जास्त.
तसंच माझं रक्त पुरवठ्याला आणलंय.
कोण येणार आहे जेवायला
ते मात्र कुणी सांगत नाही.

परवा सून शिरोड्याला गेली होती.
दुर्पाने पाच बांगडे आणून दिले, ताजे, डोळे चकचकीत.
माळ्यावरून आडाळा काढला,
जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेला.
बसले पाय दुमडून. तीन बांगडे, बघत राहावं असे.
चौथ्याला अंगठा.

पूर्वी चुलीतली राख चोळायची आणि पुढचा मासा.
आता पातळाचा तुकडा आवळून, हात डोक्याच्या वर धरून
उंबऱ्यावर बसले. दहा मिनिटं. वीस.
कापड भिजलं, तरी धरून.
गडग्यापलीकडून दुर्पा ओरडली,
"कोणाक हात करतंस गो?"
म्हटलं, "कोणाक नाय. बसलंय."
ती गेली, आणि शांततेत
छातीतली दारं ऐकू आली.
टिक. टिक.
बाबांची धप्प असायची. ही बारीक,
नव्या बाईच्या बांगडीसारखी.

रक्त थांबायला पाऊण तास लागला.
पाचवा बांगडा डाव्या हाताने कापला. वाईट कापला.

रात्री मुलाने अंगठा बघितला,
दोरीवर वाळणारा पातळाचा तुकडा बघितला,
माळ्याकडे बघितलं.
काही बोलला नाही. भातावर कालवण घेतलं,
एक घास खाऊन म्हणाला,
आज पातळ झालंय.
म्हटलं, होऊ दे.
अजून वाढून घे.